कार्मेनेरबाईंचा पिंड

पितृपक्षातल्या सकाळी रत्नाकरगुरुजी टेंभेकर घाटावर निघायच्या गडबडीत असले, की त्यांच्याशी बोलायची छाती त्यांच्या बायकोलाही होत नसे. पण त्या दिवशी वरच्या खोलीतला भाडेकरू जिन्यातच वाट अडवून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मैं भी अपने लोगों के लिए यह करना चाहता हूँ."

हा भाडेकरू फ्रान्समधल्या बोर्दो गावाकडचा. नाव एत्येन, पण गुरुजींच्या पत्नी शरदिनीबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं यतीन करून टाकलं होतं. काशीतल्या पंचगंगा घाटावरच्या गल्लीत टेंभेकरांचं घर कित्येक पिढ्यांचं, आणि देशावरून येणाऱ्या यात्रेकरूंचे श्राद्धपक्ष करणं हा त्यांचा धंदा म्हणा, धर्म म्हणा. अशा घरात गोरा माणूस ठेवायचा, म्हणून बाईंनी त्याला उंबऱ्यातच कायदा ऐकवला होता. "देखो बेटा, मांस-मच्छी नहीं, अंडा नहीं. और वो बोतलवाली चीज़? लाना-पीना तो छोड़ो, उसकी बात तक इस घर में नहीं निकलनी चाहिए." यतीनने मान डोलावली आणि दिलेला शब्द पाळला. विद्यापीठात हिंदी शिकावं, सकाळी गंगेत डुबकी मारावी आणि बाईंच्या हातचं थालीपीठ खावं, असा त्याचा क्रम होता. टेंभेकरांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे वरच्या मजल्यावर पावलं वाजली नाहीत, तर बाईंना हल्ली चुकल्यासारखं होई.

"कौन गया आपके घर से?" गुरुजींनी विचारलं.

"पहले पिताजी. फिर भाइयों ने ज़मीन बेच दी. एक दिन मशीनें आईं. सबको जड़ से उखाड़ दिया, फिर जला दिया. मैं देखता रहा."

गुरुजींच्या अंगावर काटा आला. युरोपातली माणसं अधूनमधून एकमेकांवर उठतात हे त्यांनी ऐकलं होतं, पण सख्ख्या भावांनी मशिनं लावून खानदान उखडावं? त्यांनी मनातल्या मनात रामाचं नाव घेतलं. परक्या धर्माच्या माणसाकडून श्राद्ध करवावं की नाही, हा प्रश्न आता त्यांना क्षुल्लक वाटू लागला. गंगा कधी कोणाचा पासपोर्ट बघत नाही. गोत्र माहीत नसलं की काश्यप लावायचं, ही सोय पूर्वजांनी अशाच वेळेसाठी करून ठेवलेली.

पण गुरुजींची एक पद्धत होती. नुसत्या नावावर पिंड टाकून ते मोकळे होत नसत. ज्याला जेवायला वाढायचं त्याचा स्वभाव ठाऊक नको का, असं त्यांचे वडील म्हणत. म्हणून दुपारी ते यतीनला घेऊन ओसरीवर बसले. शेजारी शरदिनीबाई पिंडाचे तांदूळ निवडत होत्या.

"सबसे बड़ा कौन?"

"काबर्ने," यतीन म्हणाला आणि एवढ्यातच त्याचा आवाज भरून आला. "बहुत कठोर. छोटा कद, मोटी चमड़ी. जवानी में उसके सामने बैठो तो मुँह सूख जाता है. दस साल, बीस साल रुकना पड़ता है. उसके बाद वो जो देता है, गुरुजी, आदमी चुप हो जाता है."

"हे अगदी आपले विष्णुशास्त्री," बाई पुटपुटल्या. "फरक इतकाच की त्यांची ऐंशी उलटली तरी समोर बसलं की तोंड सुकतंच."

"उसके माँ-बाप कौन थे, यह सैकड़ों साल किसी को मालूम नहीं था," यतीन सांगत होता. "पिछले साल अमेरिका में जाँच हुई. तब पता चला. एक काला था, एक गोरी."

गुरुजींनी हात जोडले. पणजोबांचं नाव विचारलं की डोकं खाजवणारे यजमान त्यांनी जन्मभर पाहिले होते. आणि इथे शेकडो वर्षांपूर्वीच्या कुळपुरुषाचे आईबाप तपासणी करून हुडकणारं घराणं! यतीन गेलेल्यांविषयी 'होता' न म्हणता 'आहे' म्हणतो, याचंही त्यांना नवल वाटलं नाही. पितर आहेतच, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

"दूसरा मेर्लो. एकदम नरम, गोल-मटोल, मीठा. सबसे बना के रखता है. बस, जल्दी उठ जाता है और ठंड खा जाता है."

"लवकर उठतो म्हणजे चांगल्या वळणाचा," गुरुजी म्हणाले. "शरदिनी, त्याच्या पिंडात तूप थोडं जास्त घाल. थंडीचा त्रास आहे त्याला."

मग माल्बेक निघाला. वर्णाने काळाकभिन्न, घरी सदा आजारी. तो समुद्र ओलांडून अर्जेंटिनाला गेला आणि तिथे उंच डोंगरांच्या पायथ्याशी असा काही फोफावला की आज त्याच्याच नावाने तो मुलूख ओळखतात. पाठोपाठ व्हर्दो. हा सगळ्यांच्या मागून येणार, एखाद्या वर्षी येणारच नाही. पण चिमूटभर आला तरी सगळ्या मैफलीला रंग चढवणार. बाईंना आपला मिरजेचा भाऊ आठवला.

"और सुनिए," यतीनने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. "अकेला कोई पूरा नहीं. काबर्ने हड्डी है, मेर्लो मांस है. एक में जो कम है, वो दूसरा देता है. साथ रहें, तभी बात बनती है."

"एकत्र कुटुंब!" गुरुजी भारावून गेले. "ऐकलंस? फ्रान्समध्ये! आणि आपल्याकडे दोन भावांना एक नळ पुरत नाही." त्या चार-पाच माणसांच्या घराण्यापुढे त्यांना आपण अगदीच लहान वाटू लागलो. इतक्या प्रेमाने, इतक्या बारकाईने आपल्या माणसांचे गुणदोष सांगणारा यजमान त्यांना उभ्या हयातीत भेटला नव्हता.

"एक और थी," यतीन हळूच म्हणाला. "कार्मेनेर. सवा सौ साल पहले अमेरिका से एक बीमारी आई. सबके पैर खा गई. जो बचे, उनको अमेरिकन पैर लगाए गए. आज भी सब अमेरिकन पैरों पर ही खड़े हैं."

गुरुजींनी नकळत यतीनच्या पायांकडे पाहिलं. चांगले धष्टपुष्ट, केसाळ पाय होते. आपल्या जयपूरला बसवतात त्यातलाच हा प्रकार असणार, पण काय सफाई!

"कार्मेनेर को भी लगाए, पर वो सँभल नहीं पाई. फिर हमारे यहाँ उसे किसी ने नहीं देखा."

"बेपत्ता," गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी द्यायचा, असं शास्त्र. इथे तर सव्वाशे वर्षं झालेली. बिचारीची एवढा काळ ना इकडची सोय ना तिकडची! गुरुजींना राहवेना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मणिकर्णिकेवर पळसाच्या पानांच्या कार्मेनेरबाईंना रीतसर अग्नी दिला, आणि मग पंचगंगेवर सगळ्यांचे पिंड मांडले. ही माणसं जमीनजुमलेवाली, म्हणून त्यांना क्षत्रियांचं वर्मा लावायचं ठरलं. 'काश्यपगोत्रस्य मेर्लोवर्मणः' असे शब्द घाटावर घुमले, तेव्हा शेजारचे दोन भट आपला मंत्र विसरून बघत राहिले. यतीन पायऱ्यांवर ढसाढसा रडला. गुरुजींचेही डोळे ओले झाले.

घोटाळा झाला तो जेवताना. वडे, खीर, आमसुलाची चटणी असा बेत होता. यतीन मन हलकं होऊन जेवत होता. तिसरा वडा घेता घेता तो आनंदाने म्हणाला, "गुरुजी, एक अच्छी बात तो मैंने बताई ही नहीं. कार्मेनेर मिल गई! ज़िंदा है!"

गुरुजींचा घास हातातच राहिला.

"चार साल पहले. दक्षिण अमेरिका में, चिली देश में. वहाँ सब उसको मेर्लो समझते थे. मेर्लो के नाम से ही रह रही थी इतने साल. फिर एक विद्वान आए, ग़ौर से देखा और बोले, यह मेर्लो नहीं है!"

"सव्वाशे वर्षं?" गुरुजींनी घास पानात परत ठेवला. "इतनी उमर?"

"हमारे यहाँ लंबी उमर होती है. सेवा अच्छी हो तो सौ-सवा सौ मामूली बात है. वो तो मेरे..."

पुढचं ऐकायला गुरुजी होतेच कुठे? पानावरून उठून, हात धुऊन, पायात चप्पल न घालता ते गल्लीत पोचलेसुद्धा. पुरुषाचं नाव घेऊन परमुलखात लपून राहिलेली सव्वाशे वर्षांची म्हातारी! आणि आपण तिला मणिकर्णिकेवर पोचवून आलो!

काशीतल्या मराठी मंडळींत धर्माच्या बाबतीत विष्णुशास्त्रींचा शब्द शेवटचा. त्यांनी सगळं डोळे मिटून ऐकलं.

"जिवंत बाईला अग्नी दिलास?"

"आकृतीला, शास्त्रीबुवा."

"शास्त्राला दोन्ही सारखंच. मेला म्हणून सगळं उरकलं आणि माणूस परत आला, तर त्याला तुपाच्या भांड्यात बसवावं, बाहेर काढून न्हाऊ घालावं, आणि जातकर्म, नामकरण सगळं पुन्हा करावं. मग तो जन्मला म्हणायचा. तोवर तो जगात नाही. आणि ज्याने पिंड देववला, त्याने तोवर दर्भाला हात लावायचा नाही."

"पण परवा अमावास्या आहे," गुरुजी काकुळतीला आले. "बाबांचं श्राद्ध."

हीच खरी गोम होती. वडील गेल्यापासून गुरुजींनी त्यांची सर्वपित्री एकदाही चुकवली नव्हती. गंगेच्या पुरात गल्लीत कमरेएवढं पाणी होतं, त्या वर्षी त्यांनी गच्चीवर पिंड मांडले होते. एकदा कावीळ झाली असताना बायकोच्या आधाराने बसून तर्पण केलं होतं. बाबा वाट बघतात, हे त्यांच्यासाठी नुसतं पोथीतलं वाक्य नव्हतं.

"तुझ्या वडिलांना मी तुझ्या आधीपासून ओळखतो," विष्णुशास्त्री म्हणाले. "चुकलेल्या हाताचा पिंड त्यांना चालला नसता. बाईला आण, नाहीतर बसून राहा."

गुरुजी घरी आले ते निम्मे होऊन. त्यांनी बायकोला निकाल सांगितला. शरदिनीबाई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी लगेच कामाला हात घातला.

"तूप किती लागेल?" त्यांनी यतीनला बोलावून विचारलं. "क्यों रे, वो बुढ़िया मोटी है कि पतली?"

"कौन, कार्मेनेर? पतली," यतीनने करंगळी वर केली. "इतनी."

"अगं बाई! उपासमार झालेली दिसते. अहो, एवढ्या खंगलेल्या म्हातारीला इतका प्रवास झेपेल का? चिली म्हणजे किती लांब आहे?"

"यतीन बेटा," गुरुजींनी त्याचे दोन्ही हात धरले. "मुझसे बहुत बड़ी ग़लती हुई है. उनको काशी आना पड़ेगा. जो कहेंगे वो करूँगा. क्या वो आएँगी?"

यतीन गोंधळला. मग ओशाळला. मग त्याने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "मैं खाते समय यही बता रहा था. आना क्या, गुरुजी? वो तो ऊपर है. छत पर. मेरा एक दोस्त गर्मी में चिली से चुपके से ले आया था."

"गच्चीवर?" बाईंचा आवाज चिरकला. "उन्हाळ्यापासून? आणि मी एकदाही जेवायला विचारलं नाही!" त्या धावत आत गेल्या, कोरं नऊवारी लुगडं काढलं, तांब्याभर पाणी घेतलं, खिरीची वाटी भरली आणि जिन्याकडे निघाल्या. गुरुजींनी उपरणं सारखं केलं. परस्त्री, त्यातून इतकी वयोवृद्ध. त्यांनी नजर पायऱ्यांवरच ठेवली. गच्चीच्या दारात पोचताच त्यांनी समोर न बघता साष्टांग नमस्कार घातला आणि पडल्या पडल्याच म्हणाले, "माताजी, क्षमा कीजिए. मुझे मालूम नहीं था कि आप हैं."

खाली गंगेवरून एका नावाड्याची हाळी तेवढी ऐकू आली.

"अहो," शेवटी शरदिनीबाई म्हणाल्या. "उठा. इथे कोणी नाही."

यतीन कोपऱ्यातल्या एका मडक्याशी उकिडवा बसला होता. मडक्यात करंगळीएवढी काडी होती, आणि काडीला चार-पाच पानं.

"यह है," तो म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. काबर्ने, मेर्लो, माल्बेक, व्हर्दो ही द्राक्षांची नावं, लाल वाईनच्या काळ्या द्राक्षांची. पाय म्हणजे मुळं. मुळं खाणाऱ्या किडीपासून वाचवायला अमेरिकन खुंटावर बांधलेली कलमं. वडिलांनी जपलेला मळा भावांनी विकला, आणि यतीनच्या डोळ्यांदेखत वेली उपटून त्यांची होळी केली. "माताजी ने कहा था, उस चीज़ की बात नहीं निकालनी. इसलिए मैंने अंगूर भी नहीं कहा, शराब भी नहीं कहा. पर झूठ नहीं बोला, गुरुजी. मेरे वही लोग थे. मैं उन्हीं में बड़ा हुआ."

शरदिनीबाई लुगडं छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. "म्हणजे आपण दारूच्या झाडांना जेवू घातलं? वडे करून?"

गुरुजींना राग यायला हवा होता. तो कुठे दडी मारून बसला कोण जाणे. ते मडक्यापाशी बसले. यतीनने एक कोवळं पान उलटं करून दाखवलं. पाठीमागून त्याला पुसटशी लाली होती, नुकत्या जन्मलेल्या मुलाच्या तळव्याला असते तशी. "इसी से पहचाना. मेर्लो में यह लाली नहीं होती. और मेर्लो पक जाता है, उसके कितने हफ़्ते बाद तक यह कच्ची रहती है. लोग जल्दी तोड़ लेते थे और कहते थे, इस मेर्लो में हरी मिर्च की बास क्यों आती है? बस, उसको थोड़ा और समय चाहिए था."

सगळं जग जिला मेलेली समजत होतं, ती दुसऱ्याचं नाव लावून, दुसऱ्याची बोलणी खात, सव्वाशे वर्षं दर वसंतात पालवत राहिली होती. फक्त कोणी पान उलटून पाहिलं नव्हतं. गुरुजींना भरून आलं. त्यांनी मडक्याला पुन्हा नमस्कार केला, या खेपेला पूर्ण शुद्धीवर.

एवढ्यात जिन्यात काठी वाजली. बाईंचा चिरकलेला आवाज गल्लीभर पोचला होता, आणि सव्वाशे वर्षांची बाई काशीतच आहे म्हटल्यावर विष्णुशास्त्रींनाही घरी बसवलं नव्हतं. धापा टाकत ते वर आले, मडकं पाहिलं, सगळी हकिकत ऐकून घेतली.

"शास्त्रीबुवा, मग दोष नाही ना?" गुरुजींचा चेहरा उजळला. "झाडच आहे ते. परवा मी बसतो बाबांच्या श्राद्धाला."

"रोज तर्पणात ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना पाणी देतोस ना? तेव्हा काडी चालते, आणि दोष आपल्यावर यायची वेळ आली की ती झाड होते होय रे? जिवंत आहे, पिंड दिलेला आहे. जातकर्म करायचं."

"पण हिची दारू होते," शरदिनीबाईंनी शेवटचा प्रयत्न केला.

"पोर पुढे काय गुण उधळील ते कोणी पाळण्यात बघतं का?" विष्णुशास्त्री खाली बसले. "तूप मडक्याला बाहेरून चोळा. आत घालाल तर पुन्हा मणिकर्णिका. बाप म्हणून कोण बसतंय?"

"मैं!" यतीन पुढे झाला.

"तुझी मुंज झाली आहे का?" शास्त्रीबुवांनी हिंदीत विचारलं, आणि त्या प्रश्नातच त्याचा निकाल लागला. मग गुरुजी पाटावर बसले. शेजारी शरदिनीबाई बसल्या, आणि कोणी न सांगता त्यांनी मडकं उचलून मांडीवर घेतलं. जन्मभर त्या दुसऱ्यांच्या लेकरांची बारशी जेवल्या होत्या. नाव काय ठेवायचं विचारल्यावर त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. त्यांनी उलट्या पानाशी तोंड नेऊन सांगितलं, "विद्युल्लता." ते नाव त्यांनी किती वर्षं मनात ठेवलं होतं, हे गुरुजींनाही त्याच वेळी कळलं.

सगळं यथासांग झालं. गुरुजींनी हुश्श केलं आणि परवाच्या तयारीसाठी दर्भाची जुडी उचलली. विष्णुशास्त्रींनी काठीने ती खाली पाडली.

"दर्भाला हात लावू नकोस. मुलगी झाली तुला. दहा दिवस सोयर."

गुरुजी बघतच राहिले. ज्या अमावास्येसाठी एवढा आटापिटा केला, तीच हातची गेली होती. "शास्त्रीबुवा, बाबा वाट बघतील हो. आजपर्यंत कधी चुकवलं नाही मी. सोयर फिटल्यावर केलं तर त्यांना चालेल?"

विष्णुशास्त्री काठी टेकत उठले. मडक्याकडे आणि त्याला पदराने सावली धरून बसलेल्या शरदिनीबाईंकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"रत्नाकर," ते म्हणाले, "नात झाली म्हणून जेवण दहा दिवस लांबलं, तर कुठला आजोबा रागावतो रे?"